पुटनची नावं : आमर्सफोर्ट ते लाडेलुंड

सोमवार, आमर्सफोर्ट

नेदरलँड्सच्या मध्यभागी वेलुवे नावाचा जंगल आणि माळरानाचा मोठा पट्टा आहे. त्याच्या पश्चिम कडेला पुटन हे शेतकऱ्यांचं गाव. नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, १ आणि २ ऑक्टोबर १९४४ या दोन दिवसांत जर्मन सैन्याने या गावातून ६५९ पुरुष उचलून नेले. त्यांतल्या बहुतेकांची रवानगी जर्मनीतल्या छळछावण्यांत झाली. तिथून ४८ जण जिवंत परत आले आणि त्यांतलेही काही घरी येऊन थोड्याच दिवसांत गेले. सगळे मिळून गावाने साडेपाचशेहून जास्त माणसं गमावली. जी परदेशात मेली, त्यांच्या कबरी गावात नाहीत. म्हणजे या माणसांसाठी गावात उरलं ते फक्त नाव. ही नावं कुठे कुठे लिहिलेली आहेत आणि ती कोणाच्या नोंदीमुळे टिकली, हे पाहायचं म्हणून आमर्सफोर्टपासून उत्तर जर्मनीतल्या लाडेलुंडपर्यंतचा हा प्रवास.

माझी मामेबहीण बऱ्याच वर्षांपासून आमर्सफोर्टला राहते. तिला डच चांगलं येतं, आणि ती सोबत नसती तर मला निम्म्या पाट्या वाचताच आल्या नसत्या. संध्याकाळी सामान टाकून आम्ही जुन्या शहरात फिरायला निघालो. कालव्याकडेची विटांची घरं, दारांपुढे सायकली. एका दारापाशी ताई थांबली आणि म्हणाली, "अरे, खाली बघ."

फरसबंदीत दहा सेंटिमीटर चौरसाचे, पितळी पत्रा चढवलेले दगड बसवलेले होते, एका शेजारी एक. प्रत्येकावर 'येथे राहत होते', मग नाव, जन्माचं वर्ष, अटकेची तारीख, कुठे नेलं, कधी मारलं. आईवडील आणि त्यांची मुलगी. तिघांच्या मृत्यूची तारीख एकच. नाझींनी मारलेल्या माणसांच्या घरांपुढे असे दगड बसवण्याचं हे काम गुंटर डेमनिग या जर्मन कलावंताने सुरू केलं. नेदरलँड्समधला असा पहिला दगड २००७ मध्ये बोर्ने गावात बसला आणि आता ते देशभर सापडतात. मुलीच्या पत्र्याची अक्षरं जराशी काळवंडली होती. ताईने पर्समधला रुमाल काढून घासलं तर पितळ लगेच उजळलं. अधूनमधून असं कोणीतरी घासतंच, म्हणाली. वाकल्याशिवाय हे नाव वाचता येत नाही, आणि मला तेच त्याचं बळ वाटतं.

मंगळवार, कॅम्प आमर्सफोर्ट

शहराच्या दक्षिणेला, लोइस्डनच्या हद्दीत, झाडीत जर्मनांची ही कैद्यांची छावणी होती. १९४१ ते १९४५ या काळात चाळीस हजारांहून जास्त माणसं इथून गेली. बहुतेक बराकी आता नाहीत. मूळचा टेहळणी मनोरा उभा आहे, आणि संग्रहालय २०२१ पासून जमिनीखाली आहे. वर मोकळं मैदान ठेवलंय. ते मोकळं ठेवण्याचा निर्णय मला योग्य वाटला. हजेरीसाठी तासन्‌तास जिथे उभं करत, ती जागा आजही तेवढीच उघडी आहे. तिथेच काटेरी तारांनी वेढलेला एक तुकडा होता. शिक्षा म्हणून कैद्यांना त्यात उभं करत. त्याला सगळे 'गुलाबाची बाग' म्हणत.

पुटनची माणसं २ ऑक्टोबरला इथे आणली गेली. वय किंवा आजारपण बघून ५८ जणांना सोडलं. बाकीच्यांना ११ ऑक्टोबरला रेल्वेने जर्मनीकडे रवाना केलं. वाटेत १३ जणांनी चालत्या गाडीतून उड्या टाकल्या. उडी टाकायची की नाही हे त्या डब्यात क्षणात ठरवावं लागलं असणार. शेजारी भाऊ असेल, बाप असेल, आणि पळालो तर मागे राहिलेल्यांना काय भोगावं लागेल याची धास्ती. तेरा जणच का, असा प्रश्न आज उबदार खोलीत बसून विचारणं सोपं आहे.

छावणीच्या मागे झाडीत गोळीबाराच्या सरावाची लांबलचक चर आहे. साडेतीनशे मीटरच्या आसपास लांब, आणि ती कैद्यांनीच फावड्यांनी खणली. तिच्या टोकाशी फ्रिट्स सीगर यांनी घडवलेला 'दगडी माणूस' उभा आहे, १९५३ सालचा. हात शरीरालगत, मान ताठ. दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध असल्याने चालताना त्याच्याखेरीज दुसरं काहीच दिसत नाही. शेवटच्या टप्प्यावर आम्ही दोघंही बोलेनासे झालो.

इथली एक गोष्ट मला पुटनपर्यंत पोचेस्तोवर सोडत नव्हती. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनांनी १०१ सोव्हिएत युद्धकैदी इथे आणले. बहुतेक मध्य आशियातले, उझबेक भागातले. फाटक्या कपड्यांत, भुकेने अर्धमेले झालेले. डच जनतेला 'हे पाहा तुमचे रशियन' असं दाखवायचा हेतू होता. त्या हिवाळ्यात २४ जण उपासमारीने आणि छळाने मेले. उरलेल्या ७७ जणांना ९ एप्रिल १९४२ रोजी सकाळी जवळच्या रानात नेऊन गोळ्या घातल्या. त्यांतल्या जवळजवळ कोणाचंच नाव आज माहीत नाही.

दुपारी आम्ही तिथून थोड्याच अंतरावर असलेल्या रुस्टहोफ दफनभूमीत गेलो. तिथे सोव्हिएत सैनिकांच्या ८६५ कबरी आहेत, एकसारख्या दगडांच्या रांगा. ते १०१ जणही तिथेच आहेत. १९९८ पासून आमर्सफोर्टचे पत्रकार रेम्को रायडिंग या कबरींमधल्या माणसांचे नातेवाईक शोधत आले, आणि दोनशेहून जास्त कुटुंबांचा पत्ता लागला. एखाद्या दगडावर त्यामुळे फोटो आलाय, कुठे ताजी फुलं. पण त्या १०१ जणांच्या बाबतीत शोध सुरू करायला कागदच नाही. छावणीतली नोंद नष्ट झाली की माणूस दुसऱ्यांदा मारला जातो, हे मी तिथे त्या रांगांमधून फिरताना पहिल्यांदा नीट समजलो.

बुधवार, पुटन

आमर्सफोर्टहून लोकल गाडी नायकर्कमार्गे पुटनला जाते. अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा प्रवास. स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून चालत गाव. आम्ही ज्या दिशेने गावात शिरलो, त्याच्या उलट दिशेने ती माणसं २ ऑक्टोबरला स्टेशनकडे नेली गेली. रस्त्याला झाडं, कुंपणापलीकडे गायी, सुबक घरं. या सगळ्यात तसं काही दिसत नाही, आणि दिसावं अशी अपेक्षाही चूक.

आधी घटना सांगतो. ३० सप्टेंबरच्या रात्री जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या डच भूमिगतांच्या एका गटाने पुटन-नायकर्क रस्त्यावर ओल्डनालरच्या पुलापाशी जर्मन लष्कराच्या मोटारीवर हल्ला केला. ऱ्हाइनवरचा पूल घेण्यासाठी दोस्तांनी लढलेली आर्नहेमची लढाई नुकतीच फसली होती. दोस्त सैन्य नदीपलीकडे अडकलं होतं, आणि उत्तरेकडच्या डच लोकांना आता सुटका आठवड्याभराची नव्हे तर महिन्यांची गोष्ट आहे हे कळलं होतं. हल्ल्यात भूमिगतांपैकी फ्रान्स स्लोटबोम मारला गेला. जर्मन बाजूचा एक अधिकारी जखमांनी मेला. नेदरलँड्समधल्या जर्मन लष्कराचा प्रमुख जनरल फ्रीडरिश क्रिस्टियान्सन याने सूडाचा हुकूम काढला, की गाव पेटवा, पुरुषांना न्या.

१ ऑक्टोबर १९४४ हा रविवार होता. पुटन धार्मिक गाव, प्रोटेस्टंट पंथाचं, रविवारची प्रार्थना चुकवणारं घर विरळाच. सैनिकांनी गावाला वेढा घातला. बायकांना आणि मुलांना चर्चमध्ये कोंडलं, पुरुषांना समोरच्या शाळेत आणि अंड्यांच्या बाजाराच्या इमारतीत. हा कोंबड्या पाळणारा भाग, म्हणून गावात अंड्यांच्या लिलावाची मोठी शेड. त्याच दिवशी पळताना किंवा दिसताक्षणी गोळी लागून सात जण मेले, त्यांत एक बाई होती. दुसऱ्या दिवशी पुरुषांना स्टेशनकडे हाकलत नेलं आणि गावातली शंभरावर घरं जाळली. कारवाईची सूत्रं कर्नल फुलरिडे याच्याकडे होती. त्याने हुकूम अक्षरशः पाळला नाही, सगळं गाव पेटवलं नाही, असं म्हणतात. ज्यांचं घर जळलं आणि मुलगा गेला, त्यांना या फरकाने काय मिळालं असेल मला सांगता येत नाही.

जुनं चर्च गावाच्या मधोमध आहे. विटांचं, उंच मनोऱ्याचं. भिंतीवर त्या दोन दिवसांची पाटी आहे. या जागेवरून गावातले पुरुष नेण्यात आले, असा तिचा आशय. आत शिरल्यावर लाकडी बाकं आणि पांढऱ्या भिंती. नेण्याआधी इथे बायबलमधलं ८४ वं स्तोत्र म्हटलं गेलं. ते आजही दरवर्षी २ ऑक्टोबरच्या स्मरणसभेत म्हणतात. ताईने तिथल्या एका वयस्कर स्वयंसेवकाशी बोलणं सुरू केलं. ते स्तोत्र त्यांना पाठ आहे का, असं तिने विचारलं. ते थोडं हसून म्हणाले, पुटनमध्ये वाढलेल्या माणसाला हे विचारायचं नसतं.

चर्चपासून थोडं चाललं की स्मृतिउद्यान लागतं. बागेची आखणी यान बाइहाउवर यांची. हिरवळीवर सरळ ओळीत छाटलेल्या ठेंगण्या झुडपांच्या चौकटी आहेत, एक चौकट म्हणजे एक कबर. जवळपास सहाशे. आत कोणी नाही. एका टोकाला दगडी बाई उभी आहे, वेलुवेतल्या पारंपरिक पोशाखात, हातात रुमाल. तिला सगळे 'पुटनची बाई' म्हणून ओळखतात. मारी आंद्रिसन यांनी घडवली, आणि १ ऑक्टोबर १९४९ रोजी राणी यूलियाना यांच्या हस्ते अनावरण झालं. ज्यूंच्या छळाविरुद्ध १९४१ मध्ये झालेल्या संपाची आठवण म्हणून ॲमस्टरडॅममध्ये उभारलेला गोदी कामगाराचा पुतळाही याच शिल्पकाराचा. त्या कामगाराच्या अंगात संपाची रग आहे. इथे तसलं काहीच नाही. ती बाई चर्चच्या मनोऱ्याकडे पाहते, जिथे तिने आपल्या माणसाला शेवटचं पाहिलं.

नुकताच २ ऑक्टोबर होऊन गेल्याने पुतळ्यापाशी पुष्पचक्रं होती. पानं सुकायला लागलेली, रिबिनी पावसाने भिजून चिकटलेल्या. मी एक रिबीन बोटाने सरळ केली. गावच्या शाळेच्या मुलांकडून, असं लिहिलेलं. या देशात शाळा आपल्या भागातलं युद्धस्मारक दत्तक घेतात, साफसफाई करतात, स्मरणदिनाला फुलं वाहतात. 'स्मारकाचं उद्घाटन' आणि 'स्मारकाची देखभाल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी करणारी मुलं मला जास्त महत्त्वाची वाटतात.

गावात एक स्मृतिदालनही आहे. 'ऑक्टोबर ४४' ही संस्था या सगळ्याची जबाबदारी पाहते. तिथे नावं आहेत, फोटो आहेत. आडनावं वाचत गेलं की एक घर समोर येतं. तेच आडनाव पुन्हा, पुन्हा, वयं वेगवेगळी. बाप आणि मुलगे, भाऊ भाऊ, चुलते पुतणे. शेतं शेजारी शेजारी असणार. फोटोंतले चेहरे बहुतेक लग्नातले किंवा रविवारच्या कपड्यांतले, कारण शेतकरी फोटो काढायचा तो त्याच दिवशी. एका फोटोत वीस-एकवीस वर्षांचा मुलगा होता, कॉलर मापापेक्षा मोठी, म्हणजे उसनी असावी. मी त्याच्यासमोर किती वेळ उभा होतो, ताईला माहीत. तिने नंतर फक्त एवढंच विचारलं, "जेवायचं का?"

गावाला पडलेला सगळ्यात अवघड प्रश्न मला दालनातून बाहेर पडतानाच जाणवू लागला. सैनिक दोन दिवसांत निघून गेले. मागे उरलेल्या शेकडो बायकांना गोठा, शेत, मुलं आणि अनिश्चितता सांभाळायची होती. माणूस मेल्याची बातमी येत नाही तोवर तो जिवंत असतो. युद्ध संपलं, मे १९४५ आला, मग उन्हाळा. कोणी परत आलेल्या माणसाला विचारायचं, माझा कुठे दिसला होता का. अनेकांना उत्तर मिळालं ते अर्धंच, 'शेवटचा अमुक ठिकाणी होता'. कोणत्या दिवशी गेला, कुठे पुरला, हे कळायला कोणीतरी तिकडे ते लिहून ठेवलेलं असावं लागतं. पुढचा प्रवास त्याच कारणासाठी.

गुरुवार, ओल्डनालर

भाड्याच्या सायकली घेऊन नायकर्ककडे निघालो. डच सायकलरस्त्यांबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय, ते सोडतो. पाच-सहा किलोमीटरवर तो पूल. पूल म्हणावा एवढासुद्धा मोठा नाही, खाली छोटा प्रवाह, बाजूला ओल्डनालरच्या जुन्या इस्टेटीची झाडं. तिथे एक साधं स्मारक आहे. वाहनं वेगाने जातात.

मला वाटलं होतं इथे पोचल्यावर काहीतरी उलगडेल. उलगडलं नाही, पण एक वाद समोर आला जो मी टाळू इच्छित नाही. हल्ला करायला हवा होता का? गावातल्या काहींच्या मनात युद्धानंतरही भूमिगतांबद्दल कटुता राहिली. त्या रात्री चार-दोन माणसांनी मोटार अडवली आणि गावाची पाचशेहून जास्त माणसं गेली, अशी साखळी जोडणं सोपं होतं. पण साखळीत मधला एक दुवा आहे, तो म्हणजे क्रिस्टियान्सनचा हुकूम. हल्ल्याला सूड म्हणून निःशस्त्र गाव उचलणं हे हल्ल्याचं 'परिणाम' म्हणून आपोआप घडलं नाही. एका माणसाने ठरवलं, दुसऱ्यांनी पार पाडलं. दोष कोणाचा, या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर हेच. पण ज्या बाईने नवरा आणि दोन मुलगे गमावले, तिने उत्तर वेगळं दिलं असेल तर तिच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला नाही.

परत येताना वारा समोरून होता. स्टेशनवर सायकली जमा केल्या.

शुक्रवार

दिवसभर रेल्वे. आमर्सफोर्टहून बर्लिनच्या गाडीने ओस्नाब्रुकपर्यंत, तिथून हॅम्बुर्ग. बाड बेंटहाइमला सीमा ओलांडल्याचं मोबाईलच्या मेसेजवरून कळलं. पुटनच्या माणसांना याच दिशेने यायला तीन दिवस लागले होते, बंद डब्यांत.

शनिवार, नॉयएनगामे

हॅम्बुर्गच्या बेर्गेडोर्फ उपनगरातून बसने नॉयएनगामे छळछावणीच्या जागी. सपाट शेतं, भाजीपाल्याच्या काचेच्या शेड, आणि मग अचानक विटांच्या लांब इमारती. एक लाखाहून जास्त कैदी या छावणीत आणि तिच्या शाखांमध्ये होते, आणि चाळीस हजारांहून जास्त मेले. इथे विटा भाजण्याचा प्रचंड कारखाना कैद्यांकडून बांधून घेतला होता. तो आजही उभा आहे. रुळांवर एक मालडबा ठेवलाय. मी त्याच्या आत पाहिलं. लाकडी फळ्या, उंचावर छोटी खिडकी, बस.

पुटनचे लोक १४ ऑक्टोबरला इथे पोचले. इथून त्यांची पांगापांग झाली. हुसुम, लाडेलुंड, वेडेल अशा शाखा-छावण्यांत. शेजारी शेजारी राहणारी माणसं वेगवेगळ्या गटांत गेली. थंडीत खंदक खणायचे, जेवायला पाण्यासारखं सूप. खेड्यातली, कष्टाची सवय असलेली, तरीही इतकी झपाट्याने मेली. परतलेल्यांच्या आणि अभ्यासकांच्या सांगण्यात एक गोष्ट वारंवार येते. गावाहून एकदम उचललेल्या, एकमेकांच्या आधाराने जगणाऱ्या माणसांना या जगाचे डावपेच माहीत नव्हते. छावणीत टिकण्यासाठी जे शिकावं लागे, ते शिकायला त्यांना वेळच मिळाला नाही.

आवाराच्या एका टोकाला स्मरणगृह आहे. आत कापडाच्या लांब पट्ट्या छतापासून खाली सोडल्यात आणि त्यांवर मृतांची नावं आहेत, वीस हजारांहून जास्त. आडनावाच्या क्रमाने नाही, मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने. सुरुवातीला मला वाटलं, नातेवाईक आला तर नाव सापडणार कसं? मग हिवाळ्याच्या पट्ट्यांसमोर उभा राहिलो. १९४० च्या पट्टीवर एका दिवसात एखादं दुसरं नाव. डिसेंबर १९४४, जानेवारी, फेब्रुवारी १९४५, तिथे तारीख बदलायलाच तयार नाही. एकेका दिवसाखाली नावांची रांग खाली खाली उतरत जाते. त्यांत डच नावं ओळखता येतात. मी पुटनच्या दालनात ज्या आडनावांशी ओळख करून घेतली होती, तीच इथे परक्यांच्या मधोमध विखुरलेली होती. एकाच दिवसाच्या रांगेत पोलिश नाव, खाली रशियन, मग पुटनचं, मग फ्रेंच.

इथे बहुतेकांना कबर नाही, त्यांना जाळलं. त्यामुळे ही कापडी पट्टीच त्यांची शिळा. ती भरली कशावरून? छावणीच्या दवाखान्यातल्या मृत्यूच्या वह्यांवरून आणि उरलेल्या इतर कागदांवरून. शेवटच्या दिवसांत एसएसने, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाने, कागद जाळले आणि जे वाचलं त्यावर हे उभं आहे. म्हणूनच संख्या आणि नावं यांत एवढा फरक. चाळीस हजारांवर मृत, आणि पट्ट्यांवर त्याच्या निम्मी नावं. ताई बराच वेळ हिशेब करत उभी होती. "म्हणजे वीसेक हजार माणसं अजून बिननावाची," ती म्हणाली, "आमर्सफोर्टच्या त्या शंभर जणांसारखी."

संध्याकाळी उत्तरेकडची गाडी. मार्शबान म्हणतात त्या मार्गाला, पश्चिम किनाऱ्याच्या दलदलीतून जाणारी. कील कालव्यावरच्या उंच पुलावरून खाली बोटींचे दिवे दिसतात. गाडी हुसुमला थांबली. दोन मिनिटांत सुटली. अंधार पडल्यावर नीब्युलला उतरलो.

नीब्युलपासून जवळच किनाऱ्यावर डागेब्युलचं बंदर आहे आणि तिथून फ्योर बेटावर बोट जाते. फ्योरवरचं वाइक हे क्रिस्टियान्सनचं गाव. १९४८ मध्ये आर्नहेमच्या न्यायालयाने त्याला बारा वर्षांची शिक्षा दिली. १९५१ मध्येच तो सुटला. त्याच्या गावाने त्याला सन्माननीय नागरिक म्हणून पुन्हा मान दिला, रस्त्याला त्याचं नाव दिलं. नेदरलँड्समधून आणि जर्मनीतूनही विरोध होत राहिला, तरी रस्त्याचं नाव बदललं ते थेट १९८० मध्ये. एकाच जिल्ह्यात, बसने आणि बोटीने जाता येईल एवढ्या अंतरावर, एका गावाने हुकूम देणाऱ्याची पाटी लावली आणि दुसऱ्या गावाने मेलेल्यांची नावं जपली. आम्ही दुसऱ्या गावाला जाणार होतो.

रविवार, लाडेलुंड

रविवार असल्याने टॅक्सी केली. वीसेक किलोमीटर, डेन्मार्कची सीमा अगदी जवळ. सेंट पेट्री चर्च, त्याभोवती दफनभूमी, शेजारी दस्तऐवजघर. पाऊस बारीक पडत होता.

१ नोव्हेंबर ते १६ डिसेंबर १९४४, एवढे सहा आठवडेच ही छावणी चालली. अडीचशे माणसांसाठी बांधलेल्या बराकींत सुमारे दोन हजार कैदी कोंबले होते. काम होतं रणगाडे अडवण्यासाठी चर खणण्याचं. जमिनीत पाणी अगदी वर, म्हणून खणलेली चर लगेच भरायची आणि माणसं दिवसभर त्या पाण्यात उभी. सहा आठवड्यांत ३०० मेले. त्यांत पुटनचे शंभराहून जास्त. म्हणजे जवळजवळ प्रत्येक तिसरं प्रेत त्या एका गावचं.

लाडेलुंडचे पाद्री होते योहानेस मायर. छावणीतून प्रेतं आणली जात, आणि हे त्यांना चर्चच्या दफनभूमीत जागा देत. सामूहिक कबरी, नऊ. पण त्यांनी एक गोष्ट केली जी त्या काळात त्या परिस्थितीत करणं सहज नव्हतं. मृतांची नावं मिळवली आणि चर्चच्या नोंदवहीत लिहिली. युद्धानंतर त्याच वहीवरून त्यांनी कुटुंबांना पत्रं पाठवली, की तुमचा माणूस इथे आहे. पुटनच्या बायकांना पहिल्यांदा जागा कळली. १९५० मध्ये पुटनची माणसं इथे आली. युद्ध संपून पाचच वर्षं झालेली, आणि जर्मन गावात, जर्मन पाद्र्याकडे.

कबरींच्या बाजूने चाललो. गुलाबाची झुडपं, सलग आखलेल्या लांब वाफ्यांत. ही नावं मी आता वाचत नव्हतो, ओळखत होतो. दोन देश ओलांडून तीच आडनावं. पुटनच्या बागेत झुडपांच्या चौकटी आहेत पण आत कोणी नाही, इथे माणसं आहेत. मधलं अंतर सहाशेच्या आसपास किलोमीटर, आणि ते जोडणारा दुवा एक वही.

दस्तऐवजघरात मी बराच वेळ मायर यांच्या पानांपाशी होतो. ते एके काळी नाझी पक्षाचे सभासद होते. हे कळल्यावर ताई गप्प झाली, मग थोड्या वेळाने म्हणाली, "मग काय समजायचं? चांगला माणूस की...?"

"दोन्ही वहीत लिहिलेलं आहे," मी म्हणालो. "त्यांनी पक्षाचं फॉर्म भरलं आणि यांची नावंही लिहिली. नावं लिहिल्याने पहिलं पुसत नाही."

"पण पत्र पोचलं त्या बाईला?"

"पोचलं."

तिला ते पुरेसं वाटलं नाही, आणि मला तिचं न पटणंही बरोबर वाटलं. प्रदर्शनात ही गोष्ट लपवलेली नाही, त्यामुळे इथे येणारा प्रत्येक जण स्वतःच ठरवतो. एक बाजू मात्र मी ठामपणे धरीन. नोंद ठेवणाऱ्याचं चारित्र्य स्वच्छ नसलं तरी नोंदीची किंमत कमी होत नाही. आमर्सफोर्टच्या रानातल्या ७७ जणांसाठी कोणी अर्धवट चांगलाही माणूस नव्हता, म्हणून ते आज रिकामे दगड आहेत.

पुटन आणि लाडेलुंड यांचा संबंध १९५० च्या त्या भेटीवर थांबला नाही. नोव्हेंबरमध्ये जर्मनीत युद्धमृतांचा स्मरणरविवार असतो, त्या वेळी पुटनहून माणसं इथे येतात. इथली माणसं ऑक्टोबरमध्ये तिकडे जातात. ज्यांनी १९४४ पाहिलं ते आता जवळजवळ संपले. पुढची पिढी येते, नातवंडं येतात.

निघण्याआधी ताईने अभिप्रायवहीत डचमध्ये लिहिलं आणि माझ्याकडे सरकवली. मी मराठीत लिहिलं. दोन ओळी, आम्ही पुटनहून आलो आहोत, नावं वाचली. टॅक्सीवाला बाहेर थांबला होता. त्याने विचारलं, तुमच्या घरचं कोणी आहे का इथे? ताई म्हणाली, नाही, आणि मग त्याने पुढे काही विचारलं नाही. नीब्युलपर्यंत तो सांगत होता की त्याच्या शाळेतल्या मुलांनाही वर्षातून एकदा इथे आणतात.